जुन्या रेसिंग ड्रायव्हरची गोष्ट पोरांना कशी सांगायची: बिल वुकोविच, चाळीस मीटर खडू आणि एक पिन

मी सोलापुरात मोटार मेकॅनिकचं काम शिकणाऱ्या पोरांना शिकवतो, अक्कलकोट रोडला एमआयडीसी लागते तिकडं. शनिवारचा शेवटचा तास म्हणजे कुणाचंच लक्ष नसतं, पोरं बॅगा खांद्याला अडकवूनच बसलेली असतात, तर त्या तासाला मी गेली काही वर्षं जुन्या रेसिंग ड्रायव्हरांच्या गोष्टी सांगतोय. आता इतर मास्तर लोक विचारायला लागलेत, वाचनालयात मुलांचे कार्यक्रम करणाऱ्या एक ताई पण विचारत होत्या, की हे कसं करता, अमेरिकेतला सत्तर वर्षांपूर्वीचा माणूस, ना पोरांनी नाव ऐकलेलं ना ती रेस बघितलेली, तरी तास संपल्यावर पोरं थांबतात कशी. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. ज्याला करायचंय त्यानं खुशाल उचला.

सगळ्यात आधी माझी चूक सांगतो, कारण नवीन माणूस तीच करतो. पहिल्यांदा बिल वुकोविचची गोष्ट सांगताना मी सुरुवातच त्याच्या अपघातापासून केली. वाटलं, धडाक्यात सुरू केलं की पोरं ऐकतील. गाडी उडाली, भिंतीपलीकडं गेली, आग लागली. पोरं गप्प झाली खरी, पण नंतर मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, मग तो चांगला ड्रायव्हर नव्हता का?" त्या प्रश्नानं मला आठवडाभर झोप लागली नाही. ज्या माणसानं अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर मारलेल्या राउंडपैकी जवळपास पाऊण हिस्सा सगळ्यांच्या पुढं राहून काढला त्याच्याबद्दल माझ्या वर्गातलं पोरगं असं विचारतंय, म्हणजे गोष्ट मी उलट्या बाजूनं धरली होती. तेव्हापासून एक ठरवलंय: ड्रायव्हरची गोष्ट त्याच्या हातापासून आणि गाडीपासून सुरू करायची, मरण शेवटच्या पाच मिनिटांत, आणि तेही जेवढं घडलं तेवढंच.

एका वेळी एकच ड्रायव्हर घ्या. दहा जणांची यादी केली की पोरांना दहा नावं ऐकू येतात आणि एकही लक्षात राहत नाही. मी सुरुवात नेहमी बिल वुकोविचपासून करतो. कारण सांगतो. इंडियानापोलिसला दरवर्षी ५०० मैलांची एक मोठी रेस होते, तिथली त्याची सगळी कारकीर्द फक्त पाच रेसची, १९५१ ते १९५५, म्हणजे फळ्यावर पाच ओळींत मावते. त्या पाच ओळींत हार आहे, मशीनचा दगा आहे, दोन विजय आहेत आणि शेवट आहे. आणि दुसरं कारण आपल्या घरचं. तो कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा. फ्रेस्नो म्हणजे द्राक्षं, बेदाणे, ट्रॅक्टर आणि ऊन. आता सोलापूर जिल्ह्यातल्या पोराला यातलं काय समजावून सांगायचं राहिलं? अर्ध्या पोरांच्या नात्यात कुणाची ना कुणाची द्राक्षाची बाग नाहीतर बेदाण्याचं शेड असतंच.

आधी ट्रॅक आखा, मग तोंड उघडा

फोटो दाखवून काम होत नाही. मोबाईलवर ट्रॅक म्हणजे एक लांबट चौकोन दिसतो, बास. जमिनीवर आखा. इंडियानापोलिसचा ट्रॅक अडीच मैलांचा, म्हणजे साधारण ४ किलोमीटर. त्याला दोन लांब सरळ पट्टे, एकेक किलोमीटरचे, दोन छोटे पट्टे साधारण २०० मीटरचे, आणि चार वळणं, प्रत्येक ४०० मीटरचं. आता १०० मीटरला १ मीटर असं माप धरलं की लांब पट्टा १० मीटर, छोटा २ मीटर, वळण ४ मीटर. सगळी बेरीज ४० मीटर. वळणाचा पाव गोल काढायला अडीच मीटरची सुतळी घ्या (नीट हिशोब केला तर २.५५ येतं, पण सुतळीला कुठं एवढं कळतंय), एका पोरानं एक टोक खिळ्यासारखं धरायचं, दुसऱ्यानं खडू धरून फिरायचं. सगळा आकार साधारण १५ मीटर बाय ७ मीटरच्या जागेत बसतो. शाळेच्या मैदानात, वर्कशॉपच्या मागं, मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, कुठंही होतं. हे पोरांकडूनच करून घ्या, तुम्ही आखू नका.

मग एका पोराला त्या खडूच्या रेषेवरून चालायला लावा. दिशा महत्त्वाची. देवळात प्रदक्षिणा घालतो त्याच्या उलट. सिद्धेश्वराला आपण उजव्या हाताला देव ठेवून फिरतो, इथं डावा हात आतल्या बाजूला, प्रत्येक वळण डावीकडं. एक राउंड १ मिनिट ९ सेकंदात पूर्ण करायचा, घड्याळ दुसऱ्याकडं. पोरगं म्हणतं, "सर एवढं हळू?" हो, चालताना हळूच वाटणार. १९५४ साली वुकोविचनं जो सरासरी वेग धरला त्यात त्याचा खरा ४ किलोमीटरचा राउंड एवढ्याच वेळात व्हायचा, इंधन भरायला आणि टायर बदलायला थांबलेला वेळ धरून. असे २०० राउंड. मी पोराला २० राउंड चालायला सांगतो आणि तोपर्यंत बाकीच्यांशी बोलत राहतो, तेवीस मिनिटं लागतात. आठ-दहा राउंडनंतर त्याचा चेहरा बघा. कंटाळा, मग चुकणं, मग रेषेवरून पाय बाहेर. तेव्हा सगळ्यांना सांगायचं, हा वीस राउंड नुसता चालला, त्यानं दोनशे मारले, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर, बाजूला आणि मागं बत्तीस गाड्या.

५०० मैल म्हणजे ८०० किलोमीटरच्या वर. सोलापूर ते मुंबई जाऊन परत सोलापूर. आपली गाडी हेच करायला एक अख्खा दिवस घेते, मध्ये जेवण, चहा, टोलनाके. त्यानं १९५४ ला ३ तास ४९ मिनिटांत केलं. हे वाक्य मी दरवेळी म्हणतो आणि दरवेळी कुणीतरी शिट्टी मारतं. मारू दे.

गाडी: इथं मेकॅनिकच्या पोरांना थांबवायची घाई करू नका

माझी पोरं मेकॅनिक, म्हणून मी इथं पंधरा मिनिटं रमतो. तुमची शाळेतली असतील तर पाच मिनिटांत आटपा.

इंजिन ऑफेनहाउजर, सगळे त्याला ऑफी म्हणायचे. चारच सिलिंडर, पण साधारण ४.४ लिटरचं. वर दोन कॅमशाफ्ट, एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. आणि पोरांना उडवायचं असेल तर हे सांगा: ब्लॉक आणि हेड एकाच ओतीव तुकड्यात. म्हणजे दोन्हीच्या मध्ये बसतं ते हेड गॅस्केटच नाही. ज्या पोरानं गेल्या आठवड्यात गॅस्केट उडालेल्या गाडीवर तीन दिवस घाम गाळलाय त्याला हे ऐकून काय वाटतं ते त्याच्या तोंडावरच दिसतं.

१९५२ पासून वुकोविचकडं जी गाडी होती तिचं नावच फ्युएल इंजेक्शन स्पेशल. हवेत इंधन मिसळणारा कार्ब्युरेटर नाही, दाबानं इंधन सोडणारं इंजेक्शन. त्या काळात! मालक हॉवर्ड केक, तेलाच्या धंद्यातल्या घराण्यातला, आणि गाडीवर हात जिम ट्रॅव्हर्स आणि फ्रँक कून या दोघा मेकॅनिकांचा. ही दोन नावं पोरांकडून पाठ करून घ्या, मी तर दोनदा म्हणून घेतो, कारण ड्रायव्हरची गोष्ट सांगताना मेकॅनिकचं नाव गाळणं हा मला अन्याय वाटतो आणि माझ्या वर्गात तो होऊ द्यायचा नाही. गाडी बांधली फ्रँक कर्टिसनं. त्यानं काय केलं, इंजिन ३६ अंश कलतं केलं, प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा दांडा, ड्रायव्हरच्या खालून न नेता बाजूनं नेला, त्यामुळं सीट खाली गेलं, आणि गाडीची उंची आणि वजनाचा मध्य खाली आला. या नमुन्याच्या गाडीला रोडस्टर म्हणायला लागले आणि पुढची दहा-बारा वर्षं इंडियानापोलिसला तिचंच राज्य. समजवायला सोपी युक्ती: एका पोराला बाटली उभी धरायला सांगा, दुसऱ्याला आडवी, आणि दोघांना हलवा.

डिझेलवाली पोरं असतील तर १९५२ च्याच रेसमधली एक गोष्ट मध्ये घालायला हरकत नाही. त्या वर्षी पोल पोझिशन, म्हणजे पहिल्या रांगेतली पहिली जागा, चक्क डिझेल गाडीनं घेतली होती, कमिन्सच्या टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) लावलेल्या, ड्रायव्हर फ्रेड अगाबाशियन. कमिन्स नाव पुण्यामुळं आपल्या पोरांना घरचंच. पण ती ७१ राउंडनंतर थांबली, कारण टर्बोची हवा ओढणारी बाजू ट्रॅकवरच्या टायरच्या रबरानं आणि कचऱ्यानं चोंदली. एअर फिल्टर का साफ ठेवायचा हे शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण अजून सापडलेलं नाही.

लहानपण पाच मिनिटांत, पण जपून

आईवडील अमेरिकेत आलेल्या सर्बियन लोकांपैकी. जन्म १९१८. वडील गेले तेव्हा पोरगं जेमतेम चौदाचं, शाळा सुटली, घराला हातभार लावायचा म्हणून काम. मग १९३० च्या दशकाच्या शेवटी शेवटी छोट्या गाड्यांच्या रेस, त्यांना मिजेट म्हणतात, मातीच्या छोट्या ट्रॅकवर आठवड्याला कितीतरी रेस व्हायच्या. हाडं मोडली, परत चालवली. महायुद्धात जीप आणि ट्रक दुरुस्तीचं काम. आणि १९५० ला मिजेटचा राष्ट्रीय चॅम्पियन. इलाय नावाचा भाऊपण रेस करायचा.

जपून कशासाठी म्हणालो तर, वर्गात वडील नसलेलं पोर असतंच. माझ्याकडं दरवर्षी दोन-तीन असतात, कुणाचे यंत्रमागावर होते, कुणाचे ट्रकवर. वडील गेले एवढंच सांगा आणि पुढं जा, कसे का ते खोदू नका, आणि "म्हणून तो मोठा झाला" असं तर अजिबात म्हणू नका. बाप गेल्यानं कुणी मोठं होत नाही, काम करून होतं. एकदा असंच सांगून झाल्यावर एक पोरगं जिन्यात थांबलं होतं, मला म्हणालं, "सर तो शाळा सोडल्यावर कुठं कामाला होता?" बाकी काही नाही विचारलं. मी म्हटलं मिळेल ते केलं त्यानं, शेतावर, गाड्यांवर. मान हलवून गेलं.

टोपणनावांचा एक घोळ इथंच मिटवून टाका. पेपरवाले त्याला मॅड रशियन म्हणायचे. तो रशियन नव्हता, सर्बियन घरातला. आणि वेडा तर नव्हताच. घुमा होता, कमी बोलायचा, गर्दीत मिसळायचा नाही. पोरांना विचारा, तुमच्या गल्लीत कमी बोलणाऱ्याला काय काय नावं ठेवतात, लगेच कळतं.

आता फळा आणि बेरीज

पाच ओळी लिहा, पोरांना वहीत उतरवायला लावा. १९५१: २९ राउंड मारले, ऑइल टँक गळली, बाहेर, एकही राउंड पुढं नाही. १९५२: १९१ राउंड मारले, १५० पुढं राहून. १९५३: २०० पैकी १९५ पुढं. १९५४: २०० पैकी ९० पुढं. १९५५: ५६ पूर्ण, त्यातले ५० पुढं.

बेरीज त्यांनाच करू द्या. एकूण राउंड ६७६, पुढं राहून मारलेले ४८५. टक्केवारी काढा, ७१ च्या वर येते, बहात्तरला थोडी कमी. शंभरातले एकाहत्तर राउंड, जगातले निवडक बत्तीस ड्रायव्हर मागं. हा आकडा पोरांच्या हातून निघाला पाहिजे, तुम्ही नुसता सांगितला तर तो आकडाच राहतो. मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं, मला तेव्हा सुचलं नाही.

पिन

इथं तासाचा जीव आहे, घाई करू नका. वर्कशॉपमधून एक जुना टाय रॉड एंड, एक ड्रॅग लिंक (हे दोन्ही स्टिअरिंग चाकांना जोडणारे भाग) आणि मूठभर स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात त्या) आणा, आणि पोरांच्या हातात फिरवा, बोलत असतानाच.

१९५२. गाडी नवी, इंजेक्शनची, ड्रायव्हर दुसऱ्याच वर्षी आलेला. १५० राउंड सगळ्यांच्या पुढं. १९१ राउंड झाले. राहिले नऊ. नऊ राउंड म्हणजे किती? दहा-अकरा मिनिटं. आणि स्टिअरिंगच्या जोडणीतला एक छोटासा पार्ट तुटला, पिन म्हणा. इंजिन चालू, टायर चांगले, ड्रायव्हर चांगला, आणि स्टिअरिंग चाकांना काही सांगेना. त्यानं काय केलं तर गाडी बाहेरच्या भिंतीला घासत घासत थांबवली. दुसऱ्या कुणावर गेली नाही, उलटली नाही. रेस जिंकली ट्रॉय रटमननं, बावीस वर्षांचं पोरगं, त्या रेसचा आजपर्यंतचा सगळ्यात लहान विजेता.

इथं मी थांबतो आणि हातातल्या स्प्लिट पिनची किंमत विचारतो. पोरं सांगतात, दोन रुपये सर, पाच रुपये सर. मग विचारतो, गेल्या आठवड्यात प्रॅक्टिसच्या जीपला कुणी कुणी जुनीच पिन सरळ करून परत घातली? पहिल्या वर्षी चार हात वर आले. रागवू नका, खरं बोलले म्हणून शाबासकी द्या आणि सगळ्यांना घेऊन जीपखाली जा. त्या दिवशी आम्ही चारही पिना बदलल्या. मला विचाराल तर वुकोविचची गोष्ट सांगण्याचं माझं पहिलं कारण हेच आहे, आणि दुसरं ऊन.

ऊन

१९५३ ची रेस मे महिन्याच्या शेवटी, इंडियानापोलिसला भयंकर उकाडा. हवा ९० फॅरेनहाइटच्या वर. इथं तुम्ही सेल्सियस सांगितलं की वर्ग हसणार, तयारी ठेवा. बत्तीस-तेहतीस! "ओ सर, हे तर आपलं फेब्रुवारी की." बरोबरच आहे पोरांचं, आपल्याकडं मे मध्ये ४२-४३ ला दुपारी आसरा चौकापासून सात रस्त्यापर्यंत चालत या म्हटलं तर कुणी येणार नाही.

म्हणून नुसता आकडा सांगून सोडू नका, गाडीत बसवा त्यांना. पाय इंजिनच्या मागं टेकलेले, इंजिन चार तास फुल. बाजूनं शाफ्ट आणि गरम तेल. डांबराचं स्वतःचं तापमान पन्नासच्या वर गेलेलं. टोपी म्हणजे साधं कडक हेल्मेट, अंगात साधा शर्ट. पॉवर स्टिअरिंग नाही. पाणी प्यायची सोय नाही, थांबाल तेव्हाच. मी एका पोराला उन्हात उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये काच वर करून फक्त दोन मिनिटं बसवतो, मी दरवाजाला उभा असतो (हे तुम्ही करणार असाल तर दोन मिनिटांच्या वर जाऊ नका आणि मे मध्ये तर करूच नका). तो बाहेर आला की बाकीच्यांना तोच सांगतो.

त्या दिवशी एकामागून एक ड्रायव्हर गाडी दुसऱ्याच्या हातात देऊन उतरले, तेव्हा नियमात चालायचं. कार्ल स्कारबरो नावाचा ड्रायव्हर उष्माघातानं गेला. आणि वुकोविच? पोल पोझिशनवरून निघाला, २०० पैकी १९५ राउंड पुढं, मधे इंधनाला थांबला तेव्हाचे तेवढे पाच सोडले तर. गाडी कुणाच्या हातात दिली नाही. ३ तास ५३ मिनिटं. नंतर उन्हाबद्दल विचारलं तर म्हणाल्याचं सांगतात की हे कसलं गरम, जुलैत फ्रेस्नोला शेतात ट्रॅक्टर चालवून बघा. हे वाक्य सांगा आणि गप्प बसा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा करमाळ्याकडचं एक पोरगं, एरवी कधी न बोलणारं, म्हणालं, "बरोबर बोलला तो." अख्ख्या वर्गात त्या एका पोरालाच ते पूर्ण कळलं होतं, सुट्टीत चुलत्याच्या ट्रॅक्टरवर असायचं ते.

तयारी पण सांगा, नाहीतर पोरांना वाटतं ऊन सहन होणं जन्मजातच असतं. तो हातात रबराचा चेंडू दाबत बसायचा, मनगटं आणि पंजे मजबूत व्हावेत म्हणून, व्यायाम करायचा. चेंडू आणा एक, टेनिसचा चालेल, फिरवा वर्गात, दोनशे वेळा दाबायला सांगा. साठ-सत्तरला हात सोडतात.

आणि इथं एक फसायची जागा आहे. इंडियानापोलिसला जिंकणारा दूध पितो हे पोरांनी कुठंतरी रील्समध्ये बघितलेलं असतं. पद्धत खरी, १९३६ ला लुई मेयर जिंकल्यावर ताक प्यायला तिथून सुरू झालेली. होय, ताक. पण वुकोविच जिंकला त्या वर्षांत ती बंद होती, दूध परत आलं १९५६ ला. त्यामुळं "वुकोविचनं दूध प्यायलं" असं म्हणू नका. मेयरच्या ताकाचं मात्र नक्की सांगा, आणि जमलं तर त्या दिवशी मसाला ताक आणा, मी आणतो, तास उन्हाळ्यातला असेल तर पोरं त्यासाठी तरी येतात.

१९५४ लवकर आटपा. गाडी पात्रता फेरीत रुसली, त्यामुळं १९ वा, सातव्या रांगेत. तिथून पुढं येत येत जिंकला, जिमी ब्रायन दुसरा. ओळीनं दोनदा जिंकणारा तो तिसराच, आधी विल्बर शॉ आणि मॉरी रोझ. ओळीनं तीनदा आजपर्यंत कुणालाच जमलेलं नाही.

हुशार पोरगं असेल तर विचारेल, सर हा फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर का? १९५० ते १९६० इंडियानापोलिस ५०० ही ड्रायव्हरांच्या जागतिक स्पर्धेत धरली जायची, म्हणून जुन्या याद्यांत वुकोविचच्या नावावर पाच रेसमध्ये दोन विजय दिसतात. पण तो युरोपातल्या त्या ट्रॅकांवर कधी धावला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही सांगा.

शेवटची पाच मिनिटं

व्हिडिओ दाखवू नका. पोरं तुमच्या आधी शोधतील हे मला माहिती आहे, तरी तुम्ही दाखवू नका. खडूच्या ट्रॅकवर या, चार दगड ठेवा.

३० मे १९५५. गाडी आता लिंडसे हॉपकिन्सची, ट्रॅव्हर्स आणि कून तेच. जॅक मॅकग्राशी सुरुवातीला जोरात चुरस, मग मॅकग्राची गाडी बंद, वुकोविच पुढं. ५७ वा राउंड, दुसऱ्या वळणातून बाहेर पडून मागच्या लांब पट्ट्यावर. पुढं त्याच्या एक राउंड मागं असलेल्या गाड्या. रॉजर वॉर्डच्या गाडीचा अॅक्सल तुटला आणि ती आडवी झाली. अल केलरनं चुकवायला आत घेतली, परत बाहेर आली ती जॉनी बॉइडवर. बॉइडची गाडी वुकोविचच्या वाटेत. चुकवायला जागाच नव्हती. गाडी बाहेरच्या भिंतीवरून पलीकडं गेली. तो गेला. वय ३६. रेस पुढं चालू राहिली, बॉब स्वायकर्ट जिंकला.

दगड हलवून दाखवा, आवाज चढवू नका. पोरं लगेच विचारतात चूक कुणाची. केलरची? वॉर्डची? मी सांगतो, अॅक्सल तुटला. वॉर्ड पुढं १९५९ आणि १९६२ ला तिथंच जिंकला, त्याला दोषी ठरवून घरी पाठवू नका. त्याच आठवड्यात इटलीत अल्बर्टो अस्कारी हा मोठा रेसिंग ड्रायव्हर गेला होता, आणि पंधरा दिवसांच्या आत फ्रान्सला ले मान्सच्या रेसमध्ये ऐंशीच्या वर प्रेक्षक गेले. त्या वर्षअखेर अमेरिकेत ज्या संस्थेच्या देखरेखीखाली या रेस व्हायच्या, ट्रिपल ए, तिनं रेसिंगमधून अंग काढून घेतलं आणि यूएसएसी नावाची नवी संस्था आली. उलटली तरी डोकं वाचावं म्हणून रोल बार सक्तीचा व्हायला १९५९ उजाडलं. वुकोविचच्या गाडीला तो नव्हता. जीपचा रोल बार पोरांना दाखवा, आहेच वर्कशॉपमध्ये, हात लावून बघू दे.

मुलगा त्याचाही बिलच, १९७३ ला त्याच रेसमध्ये दुसरा आला. नातूही रेसिंगमध्ये आला आणि १९९० ला कॅलिफोर्नियातच रेसच्या गाडीत गेला. हे सांगायचं की नाही यावर मी बराच विचार केला. आता विचारलं तरच सांगतो.

पुढच्या शनिवारसाठी दुसरा ड्रायव्हर हवा असेल तर सॅम हँक्स घ्या. कितीतरी वर्षं प्रयत्न करून १९५७ ला जिंकला आणि जिंकल्या जागीच म्हणाला, बास, आता थांबतो. वुकोविचनंतर पोरांना तो ऐकायचा असतो, हे मी तीन बॅचला बघितलंय.

तास संपल्यावर खडू पुसायला पोरं लावू नका. आमचा ट्रॅक शनिवारी आखला की सोमवारी सकाळपर्यंत तसाच असतो, आणि सोमवारी लवकर आलेली दोन-चार पोरं त्यावरून उलट्या प्रदक्षिणा मारत असतात, एकाच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. पाच रुपयांच्या स्प्लिट पिनचा एक डबा जीपच्या टूलकिटशेजारी भरून ठेवा, त्या आठवड्यात तो लवकर संपतो.